फोन बाबांचा, बोट बाळाचं

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या जेवणावळीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर चार वर्षांची मुलगी बसली होती. पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवलेला फोन, फोनवर बडबडगीत, आणि आई वरणभाताचे घास भरवतेय. गीत संपलं, दुसरं आपोआप लागलं. तेही संपलं. तिसरं लागलं ते बडबडगीत नव्हतं. पात्र ओळखीचंच होतं, पोरांच्या दप्तरांवर असतं तेच. पण त्याच्या हातात सुरी होती आणि दुसरं पात्र रक्तात पडलेलं. मुलगी रडली नाही. चावायची थांबली. घास गालात तसाच राहिला. मी फोन पालथा घातला तेव्हा आई दचकली. तिला वाटत होतं गाणंच चाललंय, कारण चाल गाण्याचीच ऐकू येत होती.

त्या आईला मी तिथे काही बोलले नाही आणि इथेही बोलणार नाही. मुलांच्या फोनवरून आयांना झोडपणारे लेख पुष्कळ झाले. तिचे दोन्ही हात कामात होते, पाठीमागून आहेराच्या पाकिटांसाठी हाका येत होत्या, आणि फोन तिचा नव्हताच. मुलीच्या मामाचा होता. मामा चौतीस वर्षांचा.

यूट्यूबला त्या क्षणी खुर्चीतली मुलगी दिसत नव्हती. त्याला दिसत होता मामा. मामाचं खातं, मामाचं वय, मामानं काल रात्री काय काय पाहिलं त्याची नोंद.

सगळं घोडं इथेच पेंड खातं. आपल्याकडे लहान मूल इंटरनेटवर स्वतःच्या नावानं जातच नाही. ते बाबांच्या नावावर जातं, आजोबांच्या नावावर जातं, शेजारच्या दादाच्या नावावर जातं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेली फक्त २७ टक्के. चौदाव्या वर्षी ही गत. मग बालवाडीतल्या पोराचं काय विचारता!

मुलांच्या सुरक्षिततेसाठी जगानं ज्या भिंती बांधल्या, त्या सगळ्या एकच प्रश्न विचारतात: तुझं वय काय? मामाच्या फोननं त्याचं उत्तर सहा वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेलं आहे.

आपला कायदाच घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. चांगला आहे. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल. मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची खातरजमा करता येईल अशी संमती हवी. मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडला तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधनं पाळायला कंपन्यांना मिळाले आणखी १८ महिने. नियम आले तेव्हा छोट्या शिशुगटात असलेलं पोर ती मुदत संपेल तेव्हा पहिलीच्या दारात उभं असेल. मूल १८ महिने थांबत नाही. आणि मुदत संपल्यावरही हा कायदा राखणार कुणाला? जे मूल ‘मी मूल आहे’ असं सांगून आत येईल त्याला. मामाच्या फोनवरचं मूल कायद्याच्या लेखी चौतीस वर्षांचंच.

ऑस्ट्रेलियानं आणखी कडक पाऊल उचललं. १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही, आणि मोडल्याचा दंड पोराला नाही, पालकाला नाही, कंपनीला. तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जबाबदारी जिथे टाकायला हवी तिथे टाकली, याबद्दल मी त्या देशाला पूर्ण गुण देते. पण तिथेही बंदी खात्यावर आहे, डोळ्यांवर नाही. खात्याशिवाय यूट्यूब पाहायला कुणाची आडकाठी नाही. आपल्या लग्नातली मुलगी ऑस्ट्रेलियात असती तरी तिला तो सुरीचा व्हिडिओ दिसू शकला असता.

तो प्रकार नवाही नाही. ओळखीच्या कार्टूनच्या वेशात मारहाण, इंजेक्शनं, रक्त, अश्लील चाळे असलेल्या व्हिडिओंचा बोभाटा २०१७ मध्ये जगभर झाला होता. ‘एल्सागेट’ म्हणतात त्याला. त्या नोव्हेंबरात यूट्यूबनं दीड लाखाहून जास्त व्हिडिओ काढून टाकले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबला अमेरिकेत १७ कोटी डॉलर मोजावे लागले. त्यातून जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी’ हा शिक्का आला. शिक्का असलेल्या व्हिडिओवर हेरून दाखवलेली जाहिरात नाही, खाली शेरे नाहीत. पाहणाऱ्याचं खातं मोठ्या माणसाचं असलं तरी. ही सोय खरी आहे. पण तो शिक्का मारतो मुख्यतः व्हिडिओ करणाराच. आणि ज्या क्षणी आपोआप लागलेला पुढचा व्हिडिओ बिनशिक्क्याचा निघतो, त्या क्षणी बघणारं बाळ पुन्हा मामा होतं.

चार वर्षांच्या मुलाला इंटरनेट लागत नाही. हे मी ठासून सांगते, कारण आपण ते विसरलोय. त्याला तीच माकडाची गोष्ट शंभर वेळा लागते. एकशे एकाव्या वेळीही ते तितकंच हसतं. नवं दाखवण्याची हौस त्या यंत्राला असते, मुलाला नसते. माझ्या ओळखीतल्या एका आजीबाईंनी हे कुणी न शिकवता ओळखलं. नातवासाठी नातीकडून आठ गोष्टी आणि चार गाणी फोनमध्ये उतरवून घेतली. पोराच्या हाती फोन देण्याआधी त्या विमानाच्या चित्रावर बोट ठेवतात आणि नेट बंद करतात. बारा गोष्टी संपल्या की संपल्या. पुढचं काही आपोआप लागत नाही, जाहिरात येत नाही, कुणाचा मेसेज येत नाही, कुणाला पैसे जात नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेवर तासतासभर चाललेली तज्ज्ञांची चर्चा मी ऐकली आहे. आजीबाईंच्या त्या बोटाइतकी कामाची गोष्ट तिथे क्वचितच ऐकली.

ज्यांना नेट हवंच आहे त्यांनी निदान मुलाला मामा करू नये. यूट्यूबचं मुलांसाठीचं वेगळं अॅप भारतात २०१६ पासून आहे. त्यात शोधायची सोय बंद करता येते, आणि आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असंही ठेवता येतं. ते निवडायला अर्धा तास लागतो, तो द्यावा. गूगलचं ‘फॅमिली लिंक’ लावून मुलाचं मुलाच्याच वयाचं खातं उघडता येतं. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावता येतो. हे सगळं फुकट आहे. आणि हे आजोबांच्या फोनवरही करा. तिथे तर कुलूपसुद्धा नसतं.

दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगून झालं आहे. त्यातलं ‘एक तास’ सगळ्यांना पाठ असतं. ‘शेजारी बसून’ कुणी म्हणत नाही.

आता बापांकडे वळते. आठ वर्षांच्या पोराला इन्स्टाग्राम हवं असतं. तिथे तेराची अट. ती तेराची रेघ अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आलेली, बहुतेक जगात तीच चालते. मग बाप स्वतः जन्मसाल पाच वर्षांनी मागे नेतो. पोर खूश. बापाला वाटतं, एवढ्याशा खोट्यानं काय होतंय? तर असं होतं. पोर खरोखरीचं तेरा वर्षांचं होतं त्या दिवशी कागदावर अठराचं होतं. किशोरवयीन मुलांची खाती आपोआप खासगी ठेवायची, अनोळखी माणसाला त्यांना मेसेज करू द्यायचा नाही, ही सोय इन्स्टाग्रामनं भारतात २०२५ मध्ये आणली. ज्या वयात तिची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्या वयात या मुलाचं खातं मोठ्या माणसाचं झालेलं असतं. बापानं पोराला वेळेआधी मोठं केलं आणि नंतर ते त्याच्या लक्षातही राहिलं नाही. तुमच्या घरी असं खातं असेल तर ते आज बंद करा. पोर रडेल. रडू दे.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोललं जातं. पोराला यूपीआयचा पिन ठाऊक असतो. बाबा रोज त्याच्यासमोर दाबतात. मग खेळातले ‘डायमंड’ विकत घेतले जातात. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तरी त्याचं ‘मॅक्स’ नावाचं भावंड चालूच राहिलं, डायमंडही चालू राहिले. पिन बदला, तो पोरासमोर दाबू नका. एवढंच.

पैसे परत मिळवता येतात. फोटो नाही.

बारशाचा फोटो, बोरन्हाणाचा फोटो, तेल लावून घमेल्यात बसवलेल्या उघड्या बाळाचा फोटो, गणवेशातला पहिल्या दिवसाचा फोटो. गणवेशावर शाळेचं नाव, मागे व्हॅनचा नंबर, खाली ओळ: आजपासून साडेबाराची शाळा. आपण मुलाला शिकवतो, अनोळखी माणसाला पत्ता सांगू नकोस. आणि मुलाचं नाव, चेहरा, शाळा, सुटायची वेळ आपणच स्टेटसवर लावतो. व्हॉट्सअॅपचं स्टेटस फक्त आपल्या माणसांना दिसतं म्हणता? तुमच्या फोनमध्ये गॅसवाल्याचा नंबर आहे, फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाचा आहे, तीन वर्षांपूर्वी फर्निचर करून गेलेल्या माणसाचा आहे, आणि त्यांच्याकडे तुमचा आहे. डीपीवर मुलाचा फोटो असेल आणि सेटिंग कधी बदललं नसेल, तर तो ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे अशा कुणालाही दिसू शकतो.

आता त्या फोटोचं काय होऊ शकतं, तेही बदललं आहे. पूर्वी निदान एवढं तरी होतं की, कपडे घातलेल्या मुलाच्या फोटोचं कुणी काय करणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’नं दाखवून दिलं की, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतलेली मुलांच्या लैंगिक अत्याचाराची चित्रं डार्क वेबवर हजारोंनी फिरताहेत, आणि त्यांसाठी खऱ्या मुलांचे चेहरेही वापरले जातात. एक हसरा चेहरा पुरतो. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण आईबापांना हे ठाऊक असायलाच हवं.

शाळांनाही सांगणं आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलीचे स्नेहसंमेलनातले फोटो शाळेनं नावासकट फेसबुकवर टाकले. काढा म्हटल्यावर प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद दाखवला. त्या कागदावर बारीक अक्षरात एक ओळ होती. त्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं, आणि आईला ती ओळ कुणी वाचून दाखवली नव्हती. फ्रान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदाच केला: मुलाच्या छबीचं रक्षण करणं ही आईवडील दोघांची जबाबदारी, आणि त्याच्या वयाप्रमाणे मुलालाही विचारात घ्यायचं. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. सहा वर्षांच्या मुलाला ‘तुझा हा फोटो लावू का?’ विचारायला कायदा लागत नाही. मुलं नाही म्हणतात, विचारून बघा.

यापेक्षाही गंभीर एक गोष्ट आपण सद्‌भावनेनं करतो. एखाद्या मुलावर अत्याचार होतानाचा व्हिडिओ गटात येतो. वर लिहिलेलं: नराधमाला पकडून देण्यासाठी पुढे पाठवा. आणि सज्जन माणसं, देवळाचे विश्वस्त, निवृत्त अधिकारी, तो पुढे पाठवतात. तो गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली असा मजकूर शोधणं, पाहणं, उतरवून घेणं, पाठवणं, सगळं येतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या पीठानं हे आणखी स्पष्ट केलं. असा मजकूर नुसता जवळ बाळगला, काढून टाकला नाही, कळवला नाही, तरी पोक्सो कायद्याखाली जबाबदारी येऊ शकते. त्या निकालातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट शब्दाची आहे. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द सोडा, असं न्यायालयानं सांगितलं. त्यात मूल जणू काही करतंय असं वाटतं. मुलाचं लैंगिक शोषण आणि अत्याचार दाखवणारा मजकूर, असं त्याला म्हणायचं. तो व्हिडिओ प्रत्येक वेळी पाहिला जातो तेव्हा त्या मुलावर पुन्हा अत्याचार होतो. तुम्ही पुढे पाठवलात तर तो तुम्ही घडवलात.

आणि पोलिसांना कळत नाही, असं समजू नका. अमेरिकी कंपन्यांना त्यांच्या यंत्रणेत असा मजकूर सापडला की त्या तिथल्या केंद्राला कळवतात, आणि २०१९ च्या करारापासून भारताविषयीची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांच्या पोलिसांकडे येते. महाराष्ट्रात या माहितीवरून गुन्हे दाखल झाले आहेत.

आता अनोळखी माणसाबद्दल.

तो काळा कोट घालून येत नाही. तो खेळातला भिडू होऊन येतो. पोर एखाद्या खेळात हरत असतं, हा त्याला जिंकून देतो. मस्त खेळतोस म्हणतो. घरात कुणी दिवसभर मस्त म्हटलेलं नसतं. मग छोटंसं बक्षीस. मग, इथे नको, दुसऱ्या अॅपवर बोलू. मग एक फोटो, साधाच. मग: हे आपलं गुपित हं, आईला सांगितलंस तर ती फोन काढून घेईल.

त्या शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. त्याची सगळी ताकद त्यात आहे, आणि ती ताकद त्याला आपण दिलेली असते. कारण आई खरंच फोन काढून घेते. बाबा खरंच मारतात. मुलाला अनोळखी माणसाची भीती वाटते, पण घरच्या रागाची त्याहून जास्त वाटते, म्हणून ते गप्प बसतं आणि आणखी आत ओढलं जातं. माझी प्रत्येक आईबापाला विनंती आहे, आज रात्री झोपवताना मुलाला एक वाक्य सांगा: फोनवर काहीही वाईट दिसलं, कुणी काहीही मागितलं, तू काहीही पाठवलं असलंस, तरी मला सांग, मी रागावणार नाही आणि फोन काढून घेणार नाही. आणि पोर सांगेल त्या दिवशी ते वाक्य पाळा. पोटात खड्डा पडेल, तरी पाळा. एकदा मोडलंत तर पुन्हा सांगायला ते येणार नाही.

सरप्राइज आणि गुपित यातला फरकही लहानपणीच शिकवता येतो. सरप्राइज शेवटी सगळ्यांना कळायचंच असतं, आजीच्या वाढदिवसासारखं. जे आईला कधीच सांगायचं नसतं ते गुपित कुणी दिलं तर ते त्याच दिवशी सांगायचं. पाच वर्षांच्या पोराला हे कळतं.

आणि असं काही घडलंच, तर रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका, त्या माणसाला शिव्या घालू नका, फोटो कुणाला पाठवू नका. फोन आहे तसा घेऊन पोलिसांकडे जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. अठरा वर्षांखालच्या मुलाचा तसा फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सोय आहे. फोटो फोनबाहेर न जाता त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा पाठवला जातो, आणि त्या सोयीत सामील झालेल्या कंपन्या त्यावरून तो आपल्याकडे शोधून काढू शकतात.

२०१७ मध्ये आपण, मुलांना जीव द्यायला लावतो म्हणत होते त्या ‘ब्लू व्हेल’ खेळाला घाबरलो होतो. शाळांनी परिपत्रकं काढली, वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे घालवले. जानेवारी २०१८ मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की, चौकशी झालेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही. चंद्रपूरच्या खासदारानं दिलेलं ते उत्तर इथल्या किती आईबापांपर्यंत पोचलं? आपण समुद्रातल्या माशाला भीत बसलो आणि ताटाशेजारच्या ग्लासाला टेकवलेला फोन बघितला नाही.

एका गावानं मात्र बघितलं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुका आहे. कडेगाव म्हटलं की मला मोहरमचे गगनचुंबी ताबूत आठवतात, पण गेली काही वर्षं त्या तालुक्याचं नाव दुसऱ्या कारणानं देशभर गेलं. मोहित्यांचे वडगाव. तीन हजारांच्या आसपास वस्ती, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यात कामाला जाणारे. करोनाच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती फोन आले, शाळा उघडल्या तरी ते सुटेनात, पोरांचं वर्गात लक्ष लागेना. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद होतील, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. सुरुवातीला पुरुष हसले. बायका तयार झाल्या, मालिकांवर पाणी सोडून. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेनं अठराखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्या गावाची तळमळ मला कळते. पण मला वडगाव जास्त पटतं, कारण तिथला भोंगा फक्त पोरांसाठी वाजत नाही. तो बापासाठी वाजतो, आईसाठी वाजतो, सरपंचासाठीही वाजतो. मोठ्यांच्या हातात फोन आणि लहानांना बंदी, हे पोराला अन्याय म्हणून कळतं, आणि ते बरोबर आहे. ज्या घरात साडेआठपर्यंत कुणाच्याच हातात फोन नसतो, तिथे मुलाला काही सांगायचं असेल तर ऐकायला माणूस मोकळं असतं.

तो दीड तास म्हणजे सगळी सुरक्षितता नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्या घराला भोंग्याची वाट बघायची गरज नाही. भिंतीवर घड्याळ आहे.

शेवटी मुलांच्या मदतीचा एक नंबर. तो १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या एका प्रकल्पातून सुरू झाला, रस्त्यावरच्या मुलांसाठी. त्यामागे जेरू बिलिमोरिया होत्या. आज तो देशभर चालतो, दिवसरात्र, फुकट, आणि फोन मूल स्वतः करू शकतं. अंक मुद्दाम असे आहेत की, उलटे आकडे म्हणायला नुकतंच शिकलेलं पोरही ते विसरणार नाही. १०९८. फ्रिजवर चिकटवून ठेवू नका. आज घास भरवताना, फोन बाजूला ठेवून, मुलाकडून म्हणवून घ्या: दहा, नऊ, आठ.